काजमास्तरांचा घट्टा

काजमास्तरांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत, काजं राहत. रस्त्यात कोणी हसून ओळख दाखवली की ते आधी त्याच्या छातीकडे बघत, कोटाचं वरचं काज न्याहाळत आणि मग म्हणत, "अरेच्चा, तुम्ही होय! राखाडी कोट, तीन बटणं." काज मशीनवर केलेलं निघालं तर मात्र ते समोरच्याला ओळखच देत नसत. सख्ख्या मेहुण्याला त्यांनी एकदा भर चौकात असंच टाळून पुढची वाट धरली होती. त्यावरून बायकोने जे तोंड सोडलं, ते मेहुणा वारल्यावरही बंद झालं नव्हतं.

आता कोणी म्हणेल, बटणाच्या भोकाचं एवढं काय कौतुक? असं म्हणणाऱ्याने मास्तरांसमोर म्हणून बघावं. गेली त्रेचाळीस वर्षं हा माणूस शहरातल्या एका जुन्या शिंपीदुकानाच्या पोटमाळ्यावर, एका खिडकीशी, एका बाकावर बसून दुसरं काहीही करत नव्हता. कोट कापणारे वेगळे, शिवणारे वेगळे, इस्त्रीवाला वेगळा. सगळं झालं की कोट शिडीवरून वर यायचा आणि मास्तर त्याला काजं करायचे. छोट्या छिन्नीने चीर पाडायची, टोकाला पंच मारून गोल डोळा करायचा, कडेला जाड दोरा धरायचा आणि त्यावरून मेण चोळलेल्या रेशमी दोऱ्याने टाक्याला टाका भिडवत, प्रत्येक टाक्याला इवलीशी गाठ देत फेरी पुरी करायची. एका काजाला वीस मिनिटं. घाई असेल तर बावीस, कारण घाई करायला लावली की मास्तर चिडत आणि चिडले की पाणी प्यायला उठत.

या कामात राजा म्हणजे उजव्या हाताचं मधलं बोट. त्याच्यावर अंगुस्ताना चढतो, म्हणजे सुई ढकलायची ती धातूची टोपी. शिंप्याच्या टोपीला वर टोक नसतं, त्यामुळे नख आणि नखाची कड उघडीच राहते. आणि चार वर्षांपूर्वी नेमक्या त्या कडेला, नखाच्या डाव्या अंगाला, मास्तरांचा रेशमी दोरा अडकायला लागला.

मास्तरांनी पहिला संशय घेतला तो दोऱ्यावर. दोरेवाल्याला त्यांनी निरोप धाडून बोलावून घेतलं. तो बिचारा पोट सांभाळत शिडी चढून वर आला, रीळ सोडलं, दोरा स्वतःच्या बोटावरून ओढून पाहिला. दोरा लोण्यासारखा गेला. मग त्याने मास्तरांचं बोट पाहिलं आणि म्हणाला, "मास्तर, दोरा गुळगुळीतच आहे. बोट खरखरीत आहे."

मास्तर महिनाभर त्याच्याशी बोलले नाहीत.

मग संशय गेला अंगुस्तान्यावर. पितळी बदलून पोलादी घेतला, पोलादी बदलून बायकोच्या ओळखीने एक चांदीचा करवून घेतला. दोरा अडकायचा तो अडकतच राहिला. नखाशेजारची कातडी आता नखाएवढी जाड झाली होती, तपकिरी, खवल्याखवल्यांची. शेवटी मास्तरांनी स्वतःच निकाल देऊन टाकला: हा घट्टा आहे. त्रेचाळीस वर्षं सुई ढकलल्यावर घट्टा पडणारच. उलट इतकी वर्षं पडला नव्हता हीच थोडी लाजेची बाब होती. एकदा घट्टा ठरल्यावर मास्तरांना त्याचा अभिमान वाटू लागला. माप द्यायला आलेल्या गिऱ्हाइकांना ते शिडीच्या वरच्या पायरीवरून बोट दाखवत. "हे बघा. याला म्हणतात काम." गिऱ्हाईक मान वर करून भक्तिभावाने बघे. त्याला खालून काही दिसत नसे, पण वर चढायला कोण जातो?

अभिमान असला तरी दोरा अडकतोच, त्यामुळे दर शनिवारी मास्तर ब्लेडने घट्टा तासत. सोमवारी तो गुळगुळीत असे, गुरुवारी पुन्हा जागेवर. इस्त्रीवाल्याचं म्हणणं पडलं की हा घट्टा नाही, चामखीळ आहे. त्याला स्वतःला कोपरावर चामखीळ झाली होती आणि त्याने तिला दोरा बांधल्यावर महिन्याभरात ती गळून पडली होती. मास्तरांना चामखीळ हा शब्द आवडला नाही. घट्टा कष्टाने मिळतो, चामखीळ कोणालाही होते. तरी त्यांनी दोरा बांधून पाहिला. मेण लावलेला रेशमी दोरा, त्याला अशी देखणी गाठ मारली होती की इस्त्रीवाला कामधाम सोडून बघत राहिला. बोट सुजलं, गाठ तशीच शाबूत राहिली आणि कात्रीने कापताना मास्तरांना बोटापेक्षा गाठीचं वाईट वाटलं. मग औषधांच्या दुकानातलं कातडी जाळायचं औषध झालं. त्याने पापुद्रे निघाले, आठ दिवस बरं वाटलं आणि नवव्या दिवशी तो घट्टा आधीपेक्षा रुंद होऊन हजर झाला.

बायको म्हणायची, "अहो, दाखवा ना कोणाला तरी."

"काय दाखवू? सुताराला घट्टा पडला तर तो डॉक्टरकडे जातो का?"

"सुताराचा घट्टा नखात शिरत नाही."

हे मात्र खरं होतं. नखाला आता उभी चीर गेली होती. पण मास्तरांना खरं बोललेलं ऐकू येत नसे, विशेषतः घरात.

बिंग फुटलं ते एका पांढऱ्या कोटामुळे. वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवणाऱ्या एका गृहस्थांचा दुधासारखा पांढरा कोट वर आला होता आणि दुसऱ्या काजाच्या मधोमध मास्तरांच्या बोटातून टचकन रक्त आलं. अनुभवी शिंपी अशा वेळी घाबरत नाही. ज्याचं रक्त त्याचीच थुंकी, हा धंद्यातला जुना उपाय. पांढऱ्या दोऱ्याचा तुकडा तोंडात घोळवून डागावर टिपला की स्वतःच्या रक्ताचा डाग निघून जातो. मास्तरांनी टिपला, डाग गेला. तिसऱ्या काजाला पुन्हा रक्त, पुन्हा थुंकी. त्या आठवड्यात असे चार कोट खाली गेले. डाग एकावरही नव्हता, पण चारही कोट काजांपाशी ओले होते.

खाली गल्ल्याशी मालकीणबाई बसत. वय वर्षं चौऱ्याहत्तर, गुडघे गेलेले, नजर शाबूत. वडिलांच्या पश्चात दुकान त्यांनीच चालवलं होतं आणि पोटमाळ्याची शिडी नऊ वर्षांत एकदाही चढल्या नव्हत्या. त्या दिवशी चढल्या. प्रत्येक पायरीवर थांबून एक उसासा टाकत त्या वर आल्या तेव्हा मास्तरांच्या तोंडात दोरा होता.

"मास्तर, कोटांना अंघोळ कशाला घालताय?"

मास्तरांना दोरा तोंडात ठेवून खोटं बोलता येईना.

"बोट दाखवा." बाईंनी बोट खिडकीकडे धरलं, चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा डोळ्यांवर घेतला. "हा घट्टा नाही. माझ्या वडिलांना घट्टा होता, मला माहीत आहे. घट्ट्यातून रक्त येत नाही." आणि बाकावरची छिन्नी उचलून त्यांनी पदराआड केली. "डॉक्टरला दाखवल्याशिवाय माझ्या कोटाला हात लावायचा नाही."

त्या खाली गेल्या. शिंप्याच्या हातातून छिन्नी काढून घेणं म्हणजे पोलिसाची शिट्टी काढून घेण्यासारखं आहे. मास्तर दुसऱ्याच दिवशी कातडीच्या डॉक्टरकडे गेले, बायकोला घेऊन.

डॉक्टरीणबाई तिशीच्या आतबाहेरच्या होत्या. मास्तरांनी प्रथेप्रमाणे आधी त्यांच्या पांढऱ्या डगल्याचं काज पाहिलं. मशीनचं होतं, शिवाय एक टाका सुटलेला. मास्तरांचं मत तिथेच वाईट झालं.

"किती दिवस आहे हे, काका?"

"दिवस कसले? घट्टा आहे, चार वर्षांचा."

"चार वर्षं!" त्यांनी भिंगातून पाहिलं, नखाची चीर पाहिली आणि म्हणाल्या की आधी छोटा तुकडा काढून तपासायला पाठवू. बोट बधिर केलं आणि गोल धारेची एक नळी घेऊन त्यांनी ती कातडीवर फिरवली. मास्तर एकदम पुढे झुकले.

"अहो, हा तर आमचा काजाचा पंच!"

"असेल. हलू नका."

मग त्यांनी एक टाका घातला. मास्तरांनी तो पाहिला, बोट प्रकाशात फिरवून पुन्हा पाहिला आणि त्यांना राहवलं नाही. "गाठ कडेला घ्यायची, मधोमध नाही. मधोमध घेतली की ओढ बसते." डॉक्टरीणबाईंनी पट्टी बांधली. बायकोने बाहेर आल्यावर मास्तरांना कोपराने असं ढोसलं की ती जागा बोटापेक्षा जास्त दिवस दुखली.

दहा दिवसांनी अहवाल आला. डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवलं आणि सांगितलं की हा कॅन्सर आहे.

"कोणाला?" मास्तरांनी विचारलं.

"तुम्हाला, काका. बोटाला. पण घाबरू नका, अगदी सुरुवातीचा आहे. कातडीच्या सगळ्यात वरच्या थरातच आहे, खाली उतरलेला नाही. बोवेनचा आजार म्हणतात याला."

मास्तरांनी मान डोलावली. माणसाला काही समजलं नाही की तो मान डोलावतो. बायकोने मात्र टेबलाची कड घट्ट धरली होती. तिला समजलं होतं.

"बोटाला कॅन्सर कसा होईल?" ती म्हणाली. "ते विडी ओढत नाहीत, दारू पीत नाहीत. काजं करतात."

"काजांमुळे नाही झाला. कातडीचा कॅन्सर बहुधा उन्हामुळे होतो. पण नखाच्या कडेला असा झाला की बऱ्याचदा त्यामागे एक विषाणू सापडतो. ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस. एचपीव्ही. याचे शंभरावर प्रकार आहेत. बहुतेक प्रकार चामखीळ आणतात आणि गुपचूप जातात, म्हणून तर दोरा बांधा नाहीतर मंत्र घाला, सगळ्यालाच यश येतं. दोन-चार प्रकार मात्र चिवट. ते वर्षानुवर्षं कातडीत ठाण मांडून बसतात आणि पेशींना बिघडवतात. तुमच्या तुकड्यात सोळा नंबरचा मिळाला. बायकांना गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होतो ना, तोही बहुतेक वेळा याच्यामुळेच. त्याच्यासाठीच हल्ली मुलींना लस देतात."

मास्तर आता जागे झाले. "म्हणजे बायकांचा रोग? माझ्या बोटाला?"

"विषाणूला बाई-पुरुष कळत नाही, काका. त्याला कातडी कळते."

"येतो कुठून तो?" बायकोने विचारलं. आवाज गोड होता. मास्तरांना तो गोडवा ओळखीचा होता आणि त्यांनी खुर्ची किंचित मागे घेतली.

"स्पर्शातून. बहुतेक सगळ्यांनाच आयुष्यात कधीतरी यातला कुठला ना कुठला होतो. तो वीस-वीस वर्षं गप्प बसू शकतो, त्यामुळे कोणाकडून आला हे सांगता येत नाही आणि शोधायच्या फंदात पडूही नका. पण काकू, तुम्हीही एकदा तपासणी करून घ्या. गर्भपिशवीच्या तोंडाची. साधी असते, पाच मिनिटांची."

"बोट यांचं आणि तपासणी माझी?"

डॉक्टरीणबाईंनी समजावलं, कागदावर चित्र काढलं. बायकोने कागदाची घडी करून पिशवीत टाकली. मग मास्तरांच्या बोटाचं ठरलं. वाईट कातडी आणि तिच्या सभोवतालची थोडी चांगली कातडी काढायची.

"म्हणजे माया सोडून कापायचं," मास्तर म्हणाले. शिवणीसाठी कापड जास्तीचं ठेवतात त्याला शिंपी माया म्हणतात.

"तसंच समजा. नखाचा तिसरा भाग जाईल. दंडाची कातडी काढून तिथे लावू. बोट राहील, वाकेल. पण त्या कडेची संवेदना किती परत येईल हे मी आज सांगू शकत नाही. महिनाभरात करून टाकू. थांबलात आणि ते खाली उतरलं, तर मग हाडापर्यंत जाईल. तेव्हा पेरंच काढावं लागेल."

घरी जाताना बायकोने तपास सुरू केला. स्पर्श म्हणजे कोणाचा? तिने मास्तरांच्या आयुष्यातल्या बायका मोजायला घेतल्या. हात पुढे केला, एक बोट दुमडलं आणि तिथेच अडली.

"अगं, त्रेचाळीस वर्षं मी पोटमाळ्यावर बसलोय. तिथं शिडी चढून येणार कोण?"

"मालकीणबाई चढल्याच की."

"चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत त्या! आणि छिन्नी घेऊन गेल्या!"

बायकोला स्वतःलाच हसू येत होतं, ते तिने दाबलं. एवढ्यावर थांबावं की नाही? पण मास्तर म्हणाले, "आणि तुझ्याकडूनच आला असला तर?" त्यानंतर तीन दिवस त्या घरात चमच्यांचा आवाज मोठा आणि माणसांचा बंद होता.

चौथ्या दिवशी सकाळी बायकोने चहा आणून ठेवला आणि समोर बसली. "तुम्ही कधी जाणार आहात कापून घ्यायला?"

मास्तरांनी चहा बशीत ओतला. खरं असं होतं की ते रोज घरी जुन्या कापडावर, मधलं बोट दुमडून अनामिकेवर अंगुस्ताना चढवून काजं करून बघत होते. त्रेचाळीस वर्षं जे बोट आरामात बसून होतं त्याला सुई कुठे ढकलतात तेही ठाऊक नव्हतं. काजं नांगरल्यासारखी होत होती. "मला त्या बोटाने दोरा कळतो," मास्तर अखेर म्हणाले. "टाका बसला की नाही ते मी बघत नाही, मला लागतो तो बोटाला. ते गेलं तर मी काय करू? मला दुसरं काही येत नाही गं."

हे त्यांनी चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच कबूल केलं. बायकोला ते माहीत होतंच. तिने चहाची बशी त्यांच्यापुढे सरकवली. "मलाही भीती वाटते," ती म्हणाली. "त्या तपासणीची. म्हणून तर भांडत होते." आणि दोघांत करार झाला. त्यांनी बोट द्यायचं, तिने तपासणी करून घ्यायची. जो आधी माघार घेईल त्याने मेहुण्याच्या विषयावर हरलो म्हणायचं.

पण मास्तरांची एक अट उरली होती आणि ती त्यांनी डॉक्टरीणबाईंसमोर ठेवली. "टाके तुम्हीच घालणार? मग आधी घालून दाखवा."

"काय दाखवू?"

"नमुना. माझ्याकडे नवा माणूस आला की मी आधी नमुना मागतो."

दुसरी कोणी असती तर दरवाजा दाखवला असता. ही बाई दिवसभर खाज आणि मुरुमं बघून कंटाळली असावी. तिने सरावाचा कातडीसारखा रबरी तुकडा काढला, बारीक सुई चिमट्यात धरली आणि सहा टाके घातले. मास्तरांनी खिशातलं भिंग डोळ्याला लावलं.  बायकोने लाजेने छताकडे पाहिलं.

"अंतर सारखं आहे. ओढ बरी आहे. गाठ या वेळी कडेला घेतलीत." मास्तरांनी भिंग खाली ठेवलं. "शंभरात साठ."

"मेडिकल कॉलेजात मला एवढेच पडायचे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उपाशीपोटी यायचं नाही, गुरुवारी नऊ वाजता."

गुरुवारी मास्तर जागे होते, फक्त हात बधिर होता. मधे हिरवा कपडा धरला होता, पण कपड्याच्या पलीकडून सूचना येतच राहिल्या. दंडाची कातडी काढल्याचं कळताच आवाज आला, "ठिगळाची उभी-आडवी बाजू बघून लावा हो, नाहीतर ताणेल." परिचारिका तोंड फिरवून हसत होती. डॉक्टरीणबाईंनी एकदाच विचारलं, "काका, तुमच्या कामाच्या वेळी गिऱ्हाईक असं बोललेलं चालतं का?" मास्तरांनी प्रामाणिकपणे विचार केला आणि पुढचा पाऊण तास गप्प बसले.

कापलेल्या तुकड्याच्या कडा सूक्ष्मदर्शकाखाली स्वच्छ निघाल्या. वाईट काही मागे राहिलं नव्हतं. पुन्हा उगवू शकतं, म्हणून दर सहा महिन्यांनी दाखवायचं ठरलं. बायकोचा अहवालही स्वच्छ आला आणि ती दारोदार सांगत सुटली, "माझं काही नाही हो, यांचंच काय ते."

आठ आठवड्यांनी मास्तर पोटमाळ्यावर परतले. बोट होतं, वाकत होतं, नख बारीक झालेलं, कडेला दंडाची गोरी, मऊ कातडी. दोरा आता तिथे अजिबात अडकत नव्हता. फक्त तो तिथून गेला की नाही तेही कळत नव्हतं. मालकीणबाईंनी खरा कोट दिला नाही, कोटाच्या कापडाची कात्रणं दिली. पहिलं काज करायला सव्वा तास लागला. डोळ्याकडचे टाके एकावर एक चढले होते. मास्तर स्वतः ते खाली घेऊन गेले.

मालकीणबाईंनी चष्मा लावला, पाहिलं आणि म्हणाल्या, "छान आहे, मास्तर."

मास्तर हबकले. त्रेचाळीस वर्षांत या बाई कधी त्यांना छान म्हणाल्या नव्हत्या, त्यांचे वडीलही म्हणाले नव्हते. चांगल्या कामावर त्या घरात कोणी बोलत नसे. चूक असली तरच तोंड उघडायचं, नाहीतर कोट गिऱ्हाइकाला जायचा.

"संपलं," मास्तर घरी येऊन म्हणाले. "छान म्हणाल्या."

"मग बरं झालं की!"

"तुला कळायचं नाही ते."

दुसऱ्या दिवशीही बाई छान म्हणाल्या. पाचव्या दिवशी सुरेख म्हणाल्या, तेव्हा मास्तर रात्री जेवले नाहीत. एकदा त्यांनी तोंडावर विचारलं, "बाई, खरं सांगा." बाई म्हणाल्या, "खरंच सांगते," आणि समोरच्या बटणांच्या डब्यात काहीतरी शोधायला लागल्या, ज्यात शोधण्यासारखं काही नव्हतं. इस्त्रीवाला तर आता मास्तरांना बघून आवाज खाली घ्यायचा. आजाऱ्याच्या खोलीत घेतात तसा. मास्तरांना ते सगळ्यात जास्त झोंबलं.

पण माणूस हट्टी होता. चार वर्षं एका गाठीला घट्टा म्हणून मिरवणारा माणूस, त्याचा हट्ट काय विचारता! तेवढा हट्ट आता कामाला आला. बोटाच्या डाव्या कडेला कळत नाही ना, मग अंगुस्ताना जरासा फिरवून त्यांनी सुई उजव्या कडेने ढकलायला घेतली. दोरा कळत नाही ना, मग टाका ओढताना तो अंगठ्याच्या पोटावरून न्यायला लागले. त्रेचाळीस वर्षांची सवय मोडायची म्हणजे तोंडातली जीभ बदलण्यासारखं होतं. सव्वा तासाचा तास झाला, तासाचा पाऊण तास. कात्रणांचा ढीग साठला. रोज संध्याकाळी एक नमुना खाली जायचा, रोज बाई छान म्हणायच्या आणि रोज मास्तर तो नमुना खिशात कोंबून घरी यायचे. बायको आता विचारत नव्हती. ती फक्त चेहरा बघून चहात साखर किती घालायची ते ठरवायची.

अडीच महिने झाले असतील. मास्तरांनी एक काज केलं, पस्तीस मिनिटांत, आणि रोजच्यासारखं बाईंच्या पुढ्यात ठेवलं. बाई हिशेबाच्या वहीत डोकं घालून बसल्या होत्या. त्यांनी नमुना एका हाताने उचलला, दिव्याखाली धरला, उलटा केला, अंगठ्याच्या नखाने कड खरवडून पाहिली. मग वही बाजूला सारली आणि नमुना दोन्ही हातांत घेतला. कपाळाला आठ्या पडल्या.

"मास्तर, हे काय आहे?"

"काज, बाई."

"ते मलाही दिसतंय. डोळ्याजवळचा चौथा टाका वर चढलाय. बाकी सगळे एका ओळीत आणि हा एकटाच उंटावर! कोणाच्या कोटाला करणार आहात हे? लक्ष कुठे असतं तुमचं?" त्यांनी नमुना गल्ल्यावर आपटला. "असली काजं माझ्या दुकानातून बाहेर गेलेली चालायची नाहीत. उसवा. आत्ताच्या आत्ता उसवा आणि परत करा."

इस्त्रीवाल्याने इस्त्री उभी केली आणि मास्तरांकडे पाहिलं.  त्यांनी कात्रण उचललं, "हो बाई" म्हणाले, आणि शिडी अशी भराभर चढून गेले की दोन पायऱ्या करकरल्या. वर खिडकीशी बसून त्यांनी काज उजेडात धरलं. पण डोळे असे भरून आले होते की तो चौथा टाका त्यांना बराच वेळ सापडेचना.